क्यूआर काढू नका, दुकानाचा पैसा वेगळा करा

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या कर खात्यानं यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या आणि तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही चार दुकानदार जमले की वाद हाच, क्यूआर ठेवायचा की काढायचा. बेंगळुरात काही जणांनी तर 'फक्त कॅश' असे कागदच चिकटवले. हावेरीच्या एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या जमेवर २९ लाखांची नोटीस आली, आणि ताज्या भाजीवर तर जीएसटी लागतच नाही! पुढं मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांशी बोलून जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं सांगितलं, पण भीती बसली ती बसलीच. अजून काही ठिकाणी "फोनपे नको गा, रोख दे" ऐकायला मिळतंय.

माझं म्हणणं सरळ आहे, क्यूआर काढून काही सुटत नाही. जीएसटीची मर्यादा, म्हणजे जिच्यावर गेलं की नोंदणी करावी लागते ती, उलाढालीवर असते आणि उलाढालीत रोखीची विक्रीपण धरतात, त्यामुळं कॅश घेतली म्हणून मर्यादा वाढत नाही. उलट इन्कम टॅक्सच्या अंदाजी उत्पन्नाच्या योजनेत छोट्या धंद्याचा नफा रोख विक्रीवर ८ टक्के धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के, म्हणजे यूपीआय घेणाऱ्याचाच फायदा. खरी अडचण अशी की खात्यात किती आले ते सरकारला दिसतं, कशाचे आले ते दिसत नाही. ते दाखवायची तयारी आपण आधीच करून ठेवायची, ती कशी ते सांगतो.

आधी खातं वेगळं करा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. आपल्याकडं एकाच खात्यात दुकानाची विक्री, भिशीचे पैसे, बायकोच्या बचत गटाचे हप्ते, पुण्याला नोकरीला असलेल्या पोरानं पाठवलेले पैसे, मेव्हण्यानं परत केलेले उसने, सगळं येऊन पडतं आणि वर्षाच्या शेवटी बेरीज केली की ती सगळी विक्रीसारखीच दिसते. म्हणून बँकेत दुकानासाठी चालू खातं काढा. किमान शिल्लक परवडत नसेल तर बँकेत विचारून छोट्या व्यापाऱ्यांसाठीचं कमी शिल्लकीचं खातं बघा, पण दुकानासाठी घरचं खातं वापरू नका. मग त्या नव्या खात्याला जोडलेला दुकानाच्या नावाचा व्यापारी क्यूआर घ्या आणि काउंटरवरचा जुना, स्वतःच्या नंबरचा क्यूआर फाडून टाका. नातेवाइकांना आणि भिशीवाल्यांना घरचाच नंबर द्या, दुकानाच्या क्यूआरवर त्यांचा एक रुपयापण घेऊ नका. उलटंही तसंच, दुकानात गर्दी आहे म्हणून पोराच्या मोबाईलवर गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे नाहीत.

साउंडबॉक्सचं, म्हणजे पैसे जमा झाले की बोलून सांगणाऱ्या डब्याचं, भाडं द्यावं का असं बरेच जण विचारतात. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला कमिशन नाही, भाडं हे फक्त त्या डब्याचं. दिवसाला पाच-दहाच पेमेंट येत असतील तर खात्यातली जमा मोबाईलवर बघितली तरी भागतं. गर्दीचं दुकान असेल तर घ्या, कारण खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणारे असतातच.

रोज पाच मिनिटं वही

दुकान बंद करताना एका ओळीत तारीख, रोख विक्री, यूपीआय विक्री आणि त्यातली करमुक्त मालाची विक्री किती ते लिहा. ताजी भाजी, सुटं दूध, सुटा तांदूळ असं काही विकत असाल तर तो शेवटचा रकाना म्हणजे तुमचा पुरावा. उधारीचे पैसे आले तर ते कधीच्या मालाचे तेपण लिहा, नाहीतर एकच विक्री दोनदा धरली जाते. खरेदीची बिलं एका फाइलला लावत चला आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. ॲप नको वाटत असेल तर साधी शंभर पानी वही चालते, मी तर वहीच सांगेन, ती मोबाईलबरोबर हरवत नाही.

आता मर्यादा बघा

नोंदणीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख, सेवा असेल तर २० लाख. रोजच्या हिशोबात सांगायचं तर ४० लाख म्हणजे दिवसाला साधारण ११ हजार आणि २० लाख म्हणजे साडेपाच हजार. इथं लोक फसतात ते असं, खानावळ आणि चहाचं हॉटेल सेवेत येतं, मोबाईलची कव्हरं विकता विकता रिपेअर करणारापण २० लाखांतच येतो, आणि पानपट्टीवाला तंबाखू विकतो म्हणून त्यालापण ४० लाखांची सवलत नाही, आइस्क्रीमवाल्याचंही तसंच. फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण करमुक्त माल आणि कराचा माल दोन्ही विकत असाल तर मर्यादा मोजताना दोन्हींची बेरीज होते. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत नोंदणी करायची, जीएसटीच्या पोर्टलवर त्याला फी नाही.

नोंदणी म्हटलं की लोक घाबरतात, पण दीड कोटीच्या आतल्या मालाच्या दुकानदाराला कंपोझिशन योजना आहे, कराच्या विक्रीवर १ टक्का, आणि हॉटेलला ५ टक्के. तिमाहीला कर आणि वर्षाला एक रिटर्न. फक्त गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही.

सीमेवरच्या दुकानदारानं हे वाचाच

शिनोळी आपल्याला बेळगावातलंच वाटतं पण ते महाराष्ट्रात, तसंच निपाणीवाल्याला कागल. महाराष्ट्रातल्या चंदगडचं गिऱ्हाईक दुकानात येऊन पिशवी भरून नेत असेल तर सहसा तो इथलाच व्यवहार धरतात, बिलावर महाराष्ट्राचा पत्ता मागितला तर मात्र आधी कर सल्लागाराला विचारा. पण तुम्ही टेम्पोनं कराचा माल तिकडं पोच करून देत असाल तर तो दुसऱ्या राज्यातला पुरवठा झाला, त्याला ४० लाखांची सवलत नाही, नोंदणी पहिल्यापासून लागते, आणि कंपोझिशनमध्ये राहून असा माल पाठवता येत नाही. इकडं राज्याची हद्द रोज दोनदा ओलांडणारी माणसं हायत, त्यामुळं ही गोष्ट कोणाच्या डोक्यातच येत नाही.

नोटीस आलीच तर

गप्प बसू नका, कपाटात ठेवू नका. कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर मोबाईलच्या भाषांतर ॲपनं फोटो काढून अर्थ लावा, पण उत्तर देताना कन्नड येणाऱ्या ओळखीच्या माणसाला किंवा कर सल्लागाराला बरोबर घ्या. खरी आहे का ते खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, मेसेजमधल्या लिंकवर पैसे तर अजिबात भरू नका. नोटिशीवर उत्तराची तारीख असते, त्याच्या आत लेखी उत्तर द्या आणि सोबत वहीच्या झेरॉक्स, बँक स्टेटमेंट, करमुक्त मालाच्या खरेदीची बिलं जोडा. घरगुती जमा असेल तर एकेक ओळ पेनानं खूण करून शेजारी लिहा, ही भिशी, हे पोराचे, हे कर्जाचे. उत्तराची एक प्रत पोच शिक्का मारून परत घ्या.