अमेरिकेत मेडिटेरेनियन डाएट करायचंय? आधी ट्रॉली रिकामी करा

अमेरिकेत कोलेस्टेरॉल जरा वर गेलं की डॉक्टर हमखास सांगतात, मेडिटेरेनियन डाएट (भूमध्य समुद्राकाठचं जेवण) करून बघा. मलाही सांगितलं. घरी येताना मी सुपरमार्केटमधून ट्रॉली भरून आणली, हमसचे (छोल्यांच्या चटणीसारखं असतं ते) दोन डबे, पिटा चिप्स, चुरलेलं फेटा (डोक्याला बांधायचा तो नाही, चीज), स्ट्रॉबेरीवालं ग्रीक योगर्ट, फ्रोझन फलाफल (छोल्यांचे वडे) आणि ऑलिव्ह ऑइलची ही मोठी पारदर्शक बाटली. तीन महिने अगदी मनोभावे खाल्लं. वजन दोन किलोनं वाढलं आणि कोलेस्टेरॉल होतं तिथेच!

मग जरा शोधाशोध केली तेव्हा कळलं की डॉक्टर ज्या जेवणाबद्दल बोलत होते आणि मी जे आणलं होतं त्यांचं फक्त आडनाव एक आहे.

डॉक्टरांच्या मनातलं जेवण साधारण १९५०-६० च्या सुमाराच्या, ग्रीसच्या क्रीट बेटावरचं आणि दक्षिण इटलीतलं. मिनेसोटा विद्यापीठातल्या अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये सात देशांतल्या मध्यमवयीन पुरुषांचा मोठा अभ्यास सुरू केला, त्यात पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकाराचं प्रमाण खूप आणि क्रीटमध्ये एकदम कमी असं दिसलं. आता क्रीटचे लोक काय खात होते, तर जाडाभरडा ब्रेड, कडधान्यं, रानातल्या पालेभाज्या, हंगामातली फळं आणि या सगळ्यावर भरपूर ऑलिव्ह ऑइल. मटण कधीतरी, सणावाराला. त्यात ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास वर्षातले जवळपास निम्मे दिवस, आणि त्यांचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नाही बरं का, मांस-दूध-अंडी बंद आणि कडधान्यं-भाज्या चालू. थोडक्यात गरिबाघरचं जेवण होतं ते. त्याला 'डाएट' हे नाव बाहेरून आलेल्यांनी दिलं.

आता अमेरिकेत याचं काय होतं ते समजून घ्या, कारण ते समजलं की दुकानात काय उचलायचं हे आपोआप कळतं. माझं आवडतं उदाहरण चिकन पार्म, म्हणजे तळलेलं चिकन, वर टोमॅटो सॉस आणि चीज. मूळ पदार्थ दक्षिण इटलीतला वांग्याचा, तळलेल्या वांग्याच्या चकत्या, टोमॅटोचा सॉस, थोडं चीज. १८८० ते १९२० च्या दरम्यान लाखो इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडचे आणि गरीब, आणि गावाकडे जे मटण सणाला दिसायचं ते इथे स्वस्त मिळायला लागलं. मग वांग्याच्या जागी आधी व्हील (वासराचं मांस), नंतर चिकन आलं, चीज दुप्पट झालं, आणि शेजारी स्पगेटीचा डोंगर. मीटबॉलचंही तेच, तिकडे लहान गोळे आणि बहुतेक वेळा पास्त्याशिवाय, इकडे लिंबाएवढे आणि पास्त्यावर बसलेले. भाजीची जागा मांसाने घ्यायची, चवीपुरतं चीज थर बनून यायचं आणि वाटीभर पदार्थ परातभर व्हायचा, अमेरिकन बदल जवळपास दरवेळी हाच असतो. गायरोज म्हणजे उभ्या सळईवर भाजून, कापून पिटा ब्रेडमध्ये देतात ते मांस, त्याच्या गुळगुळीत शंकूचं शिकागोत १९७० च्या दशकात मशीनवर उत्पादन सुरू झालं, ग्रीसमध्ये मात्र साधारण डुकराच्या नाहीतर चिकनच्या मांसाचे काप एकावर एक रचलेले असतात. फेतुचिनी आल्फ्रेडो हा पास्ता इथे क्रीममध्ये बुडालेला असतो, त्यात रोमला क्रीम नव्हतंच, लोणी आणि चीज एवढंच.

नावं ठेवत नाहीये हां मी. आपण चायनीज भेळ आणि शेजवान डोसा करणारी माणसं, आपण कोणत्या तोंडाने बोलणार. चिकन पार्म खा, चांगलं लागतं, फक्त ते खाऊन क्रीटचं पुण्य आपल्या खात्यात जमा होतंय असं समजू नका.

तर आता कामाला लागू. पहिली गोष्ट, हमसच्या डब्यामागचं लेबल वाचा. बऱ्याच ब्रँडमध्ये ऑलिव्ह ऑइलऐवजी कनोला नाहीतर सोयाबीनचं तेल असतं. त्यापेक्षा इंडियन स्टोअरमधून छोले आणा, रात्री भिजवा, चिमूटभर सोडा घालून कुकरला अगदी मऊ शिजवा, ताहिनी (तिळाची पेस्ट), लिंबू, लसूण, मीठ आणि दोन बर्फाचे खडे घालून मिक्सरला फिरवा. झालं. चिप्सऐवजी काकडी-गाजराबरोबर खा. फेटा घेताना ठोकळा घ्या, मिठाच्या पाण्यातला, मेंढीच्या दुधाचा. युरोपात २००२ पासून हे नाव फक्त ग्रीसच्या, मेंढीच्या आणि फार तर ३० टक्के बकरीच्या दुधाच्या चीजला वापरता येतं, अमेरिकेत असं बंधन नाही म्हणून गायीच्या दुधाचंही 'फेटा' म्हणून विकतात. खारट असतं, त्यामुळे बीपीवाल्यांनी जपून. ग्रीक योगर्ट प्लेनच घ्यायचं. ते म्हणजे जवळपास आपला चक्का, म्हणून तर इथली अर्धी मराठी मंडळी त्याचं श्रीखंड करतात (ते या डाएटमध्ये बसत नाही, विचारू पण नका).

तेल घेताना एक्स्ट्रा व्हर्जिन, गडद काचेची बाटली किंवा पत्र्याचा डबा, आणि असली तर तेल काढल्याची तारीख बघा, जितकं ताजं तितकं बरं. पिताना घशाला जरा खवखव झाली तर ते खराब नाही, उलट चांगल्या तेलाची खूण आहे. आणि हे तेल तापवायचं नाही असं कोणीतरी पसरवून ठेवलंय, ग्रीस-स्पेनमध्ये घराघरात यातच शिजवतात आणि तळतातही.

पण माझी सगळ्यात मोठी चूक तेलातच होती. एक टेबलस्पून म्हणजे साधारण १२० कॅलरी. मी आधीचं तूप, बटर, चीज सगळं तसंच ठेवून वर हे ओतत होतो! स्पेनमध्ये साडेसात हजारांच्या आसपास लोकांवर मोठा प्रयोग झाला होता, त्यात एका गटाला रोज चार टेबलस्पून तरी ऑलिव्ह ऑइल खायला सांगितलं होतं आणि त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसले. २०१३ चा तो पेपर लोकांची गटवारी नीट न झाल्याने मागे घ्यावा लागला आणि २०१८ मध्ये पुन्हा हिशेब करून छापला, निष्कर्ष तोच राहिला. पण तिथे तेल हेच घरातलं मुख्य तेल होतं, वरकमाई नव्हती. म्हणून बाटली उघडली त्या दिवशी बटरचा डबा बंद.

आता खरा पदार्थ. ग्रीसमध्ये तेलात शिजवलेल्या भाज्यांचा एक अख्खा प्रकार आहे, त्याला लादेरा म्हणतात, लादी म्हणजे तेल. फरसबी, भेंडी, वांगी, मटार, काहीही चालतं. फरसबीचं सांगतो. अर्धा किलो फरसबी (फ्रोझनही चालते), एक मोठा कांदा, तीन लसूण पाकळ्या, एक बटाटा, टोमॅटोचा एक कॅन, पाव ते एक तृतीयांश कप ऑलिव्ह ऑइल. निम्म्या तेलात कांदा मऊ करा, लाल नको. लसूण, मग फरसबी, बटाट्याच्या फोडी, टोमॅटो, मीठ, मिरपूड, अर्धा कप पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. हो, पाऊण तास, फरसबी करकरीत ठेवायची नाहीये, पार मऊ व्हायला हवी. शेवटी उरलेलं तेल आणि मूठभर पार्सली किंवा शेपू घाला, झाकण काढून पाणी आटवा. कधी बंद करायचं हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही, तेल सुटलं आणि अंगाबरोबर रस राहिला की झालं. मोहरी-हिंगाची फोडणी द्यायला हात शिवशिवेल, पहिल्यांदा तरी आवरा. गरमागरम खायची नाही, कोमट होऊ द्या, ब्रेड आणि फेट्याचा तुकडा बरोबर. ही भाजी म्हणजे जेवण, तोंडीलावणं नाही. चौघांना पुरते, त्यामुळे तेल बघून दचकू नका.

दुसरा पदार्थ तर घरातच आहे, आख्खा मसूर. ग्रीक लोक त्याचं फाकेस नावाचं सूप करतात, कांदा, लसूण, गाजर, तमालपत्र, थोडा टोमॅटो, वरून कच्चं ऑलिव्ह ऑइल आणि वाढताना चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगर विसरू नका, त्याच्याशिवाय ते आजारी माणसाचं जेवण लागतं.

बाहेर खायचं तर ग्रीक रेस्टॉरंटमध्ये मेन कोर्सकडे बघूच नका, तिथे मांस आणि फ्राइज असतात. मेझे (छोट्या छोट्या डिश) किंवा साइडच्या यादीत मोठ्या पांढऱ्या बीन्सचे गिगांतेस, उकडलेल्या पालेभाजीचं होर्ता असं काही सापडतं, त्यातले दोन-तीन आणि एखादा भाजलेला मासा दोघांत मागवा. ग्रीक सॅलड मागवताना लेट्यूस आहे का विचारा. गावाकडच्या सॅलडमध्ये लेट्यूस नसतं, टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेट्याची अख्खी वडी. लेट्यूस असलंच तर निदान क्रीमवालं ड्रेसिंग बाजूला द्यायला सांगा आणि तेल-लिंबू मागून घ्या, देतात. वाइनचं म्हणाल तर जे घेत नाहीत त्यांनी यासाठी सुरू करू नये.

हो, आणि लादेरा रविवारी जास्तच करून ठेवा, दुसऱ्या दिवशी मुरलेली जास्त छान लागते, ऑफिसच्या डब्यात मायक्रोवेव्ह न करता खाल्ली तरी चालते.