सार्वजनिक कचऱ्याचा डबा बसवताना या चुका टाळा

इंदूरमध्ये चौकाचौकातल्या मोठ्या कचरापेट्या निघाल्या, घरोघरी गाडी फिरू लागली आणि 2017 पासून सलग सात वर्षं शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. घरचा कचरा गाडीत जातो. रस्त्यावरचा डबा उरला तो वाटसरूच्या हातातल्या दोन्यासाठी (द्रोणासाठी), चहाच्या कपासाठी, भुट्ट्याच्या बुरकुंडासाठी. तरी मंडळं, बाजार समित्या, कॉलनीवाले डबा घेताना अजून जुन्या पेटीचाच हिशेब डोक्यात ठेवतात.

‘मोठाच घ्या, दोन दिवस बघायला नको,’ हे हमखास कानावर येतं. पण मोठ्या तोंडाचा डबा दिसला की सकाळची गाडी चुकलेलं घर बांधलेली पिशवी त्यातच सोडून जातं. संध्याकाळपर्यंत शेजारी आणखी चार पिशव्या आणि त्या फाडायला कुत्री. तुमच्याकडे असं होत असेल तर तोंड लहान करा. एका ढोल्या डब्याऐवजी तीन छोटे ठेवा. जागा ठरवण्याआधी एक रात्र सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभे राहून बघा: गराडू (तळलेला कंद) घेतलेला माणूस दुकानापाशी थांबत नाही, खात खात पुढे सरकतो. दोना जिथे रिकामा होतो, डबा तिथे हवा.

ओला हिरव्यात, सुका निळ्यात, हे सगळ्यांना पाठ आहे. तरीही दोन्हीत सारखाच कचरा सापडतो, कारण दोन्हींची तोंडं सारखी असतात आणि घाईत असलेला हात रंग वाचत बसत नाही. अमेरिकेतल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाकणाला खास आकाराचं तोंड दिल्यावर पेयांच्या बाटल्या-कॅन योग्य पेटीत पडण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी वाढलं आणि भलता कचरा 95 टक्क्यांनी घटला. बाटलीसाठी गोल भोक, कागदासाठी फट. एवढं काम आपल्याकडचा कोणताही वेल्डर करून देईल.

खाली भोकं पाडावीत का, हा प्रश्न नेहमी येतो. सुक्याच्या डब्याला पाडा, नाहीतर पावसाचं पाणी साचून पत्रा गंजतो. ओल्याला मुळीच नको. चटणीचं पाणी फरशीवर ठिबकतं आणि माशा घोंघावतात. त्याला झाकण द्या आणि आत अखंड बादली ठेवा. खांबांना टांगलेल्या झुलत्या डब्यांची खिट्टी सैल झाली की डबा उलटा लटकतो. तिथे नट-बोल्ट लावून भागवू नका, नाहीतर डबा रिकामा करताना पाना शोधावा लागेल. साखळीला बांधलेली खिट्टी बसवा.

सेन्सरवाल्या डब्यांचं सध्या फार कौतुक चाललं आहे. झाकणाखालून ध्वनिलहरी सोडून, त्या किती वेळात परततात यावरून तो कचऱ्याची पातळी मोजतो. वर एखादी पिशवी चिकटली की अर्धा डबा ‘भरला’ म्हणून दाखवतो. सेन्सरवर रोज कापड फिरवा. आणि निरोप आल्यावर गाडी वळवणारं कुणी नसेल तर तो पैसा छोट्या डब्यांवर घाला.

सगळ्यात मोठी चूक मात्र रिकामा करणाऱ्या माणसाला न विचारण्याची. आमच्या कॉलनीच्या बागेत फायबरचा पेंग्विन बसवला होता. मुलं धावत जाऊन चोचीत कागद टाकायची, आम्ही सगळे खूश. महिन्याभरात वास सुटला. दार पेंग्विनच्या पाठीला होतं आणि पाठ भिंतीला टेकवून सिमेंटने पक्की केलेली. एका सकाळी पाहिलं तर सफाईमित्र ताई चोचीतून कोपरापर्यंत हात घालून दोने ओढून काढत होत्या. मनगटावर काचेचा ताजा ओरखडा. मला तिथे उभं राहवेना.

पेंग्विन उखडून भिंतीपासून पुढे घेतला. दार मोठं केलं, बिजागरी बदलली, आत दोन कड्यांची बादली बसवली आणि ती किती उंचीवर हवी हे ताईंनाच विचारलं. त्यांनी कमरेच्या थोडं खाली हात धरून दाखवला, तिथे पट्टी मारली. आता बादली गाडीत उलटी करून परत ठेवायला त्यांना मिनिटही लागत नाही.

नवा डबा घेणार असाल तर दुकानदाराला तो ओल्या कचऱ्याने काठोकाठ भरायला सांगा आणि तुमच्या रस्त्यावरच्या सफाईमित्राला सोबत नेऊन तिथेच रिकामा करून बघा.