फ्लोअर हीटिंगला हीट एक्स्चेंजर लावताय? पंपाच्या या चुका टाळा

जर्मनीतली सत्तर-ऐंशीच्या दशकातली बिल्डिंग, घर गरम ठेवायला जमिनीखाली गरम पाण्याचे प्लास्टिकचे पाइप (हेच फ्लोअर हीटिंग), आणि बॉयलरच्या पाण्यात काळा गाळ. आमच्याकडे हेच झालं. त्या काळच्या बऱ्याच पाइपांतून ऑक्सिजन पाण्यात झिरपतो, लोखंड गंजतं, म्हणून मधे प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ प्लेटांमधून उष्णता पलीकडे जाते, पाणी मिसळत नाही) टाकून बॉयलरचं पाणी आणि जमिनीखालच्या पाइपांतलं पाणी वेगळं करतात. इथवर ठीक, पण आता सर्किट दोन झाली आणि पंपही दोन, घोळ तिथेच होतो.

घर गरम होत नाही म्हटलं की पंप फुल! आमच्या माणसानेही आल्या आल्या तेच केलं. दुप्पट पाणी ढकलायला दाब जवळपास चौपट लागतो आणि वीज आठपट, पाइपात आवाज येतो तो वेगळाच, आणि बॉयलरकडे पाणी गरमच परत गेलं की कंडेन्सिंगचा (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरण्याचा) फायदा गेला.

त्यापेक्षा हिशोब करा ना, सोपाय: किलोवॉट गुणिले ८६०, भागिले जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, म्हणजे तासाला किती लिटर ते. समजा १० किलोवॉट हवेत. बॉयलरकडून ४५ डिग्रीने पाणी येतं, ३५ ने परत जातं, म्हणजे ८६० लिटर. जमिनीत ३५ ने जातं, ३० ने येतं, म्हणजे १७२० लिटर. उष्णता तेवढीच, पाणी दुप्पट. मग दोन्ही पंप एकाच नंबरवर ठेवून कसं चालेल?

एक्स्चेंजरच्या चारही तोंडांना थर्मामीटर लावाच. बॉयलरच्या बाजूला फरक खूप जास्त असेल तर पाणी कमी जातंय, आधी फिल्टर आणि पाइपात अडकलेली हवा बघा. फ्लो बरोबर असूनही दोन्ही रिटर्नमधलं (दोन्हीकडच्या परतीच्या पाण्यातलं) अंतर पाच डिग्रीच्या फार वर गेलं तर प्लेटा गाळाने भरल्यात, नाहीतर पाइप उलटसुलट जोडलेत (दोन्ही पाणी समोरासमोरून वाहायला हवं, हे भल्याभल्यांचं चुकतं).

फ्लो कमी करायला पंपाच्या आधीचा व्हॉल्व्ह आवळू नका, पंप कडकड वाजायला लागेल. जमिनीच्या बाजूला बिडाचा पंपही नको, तिथे ऑक्सिजन अजून येतोच आहे, ब्राँझ किंवा स्टेनलेस घ्या. आणि त्या बाजूला स्वतःची एक्स्पान्शन टाकी (गरम होऊन फुगलेल्या पाण्याला जागा देणारी) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, कारण बॉयलरची टाकी आता तिच्या कामाची नाही.