उझी माशी फोटोवरून कशी ओळखावी

उझी ही रेशीम अळीच्या अंगावर अंडी घालणारी परजीवी माशी. रेशीम शेडमध्ये माशी दिसली की घाईघाईत मोबाइलवर एक फोटो निघतो, तोही वरून. एवढ्यावर निदान करू नका. मांसमाशीच्या पाठीवर ३ काळे पट्टे असतात, उझीच्या पाठीवर ४. पण घरमाशीलाही ४च! म्हणजे पट्टे मोजून फक्त मांसमाशी बाजूला पडते.

आधी माशी पारदर्शक डबीत पकडा आणि काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ती सुस्त झाली की शेजारी मोजपट्टी ठेवून वरून एक फोटो घ्या. घरमाशी ६-७ मिलिमीटरची असते, उझी तिच्याहून चांगली मोठी.

आता बाजूने फोटो घ्या, सगळ्यात महत्त्वाचा हाच. छातीच्या मागच्या टोकाला छोटी ढाल असते. तिच्याखाली आणखी एक गोल फुगवटा दिसला, तर माशी टॅकिनिड कुळातली, म्हणजे उझीच्याच कुळातली. पोटावर ताठ, जाड केसही दिसतील. तिसरा फोटो तोंडाचा: घरमाशीच्या मिशीवरचा काटा पिसासारखा असतो, उझीचा साधा.

इथवर फक्त कूळ कळलं. या कुळात जगभर ८ हजारांहून जास्त जाती आहेत, तेव्हा पुढचा पुरावा रेशीम अळीकडे मागायचा. तिसऱ्या अवस्थेपासून पुढच्या अळ्यांचे जवळून फोटो काढा. अंगाला चिकटलेलं बारीक, पांढुरकं अंडं किंवा त्या जागी एखादा ठळक काळा डाग शोधा. उझीचं पिल्लू तिथूनच आत शिरतं. अंगभर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके असतील तर तो पेब्रिन रोग असू शकतो, त्याची खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. या दोन्हींत गल्लत झाली तर उपाय चुकतो, म्हणून डागाचा फोटो अंधूक आला तर पुन्हा काढा.

भोक पडलेले कोषही तपासा, त्यांतून सलग धागा निघत नाही. रेशीम अळीतून किंवा कोषातून बाहेर पडलेल्या उझीच्या अळ्या मोकळी माती घातलेल्या बरणीत ठेवून तोंडाला कापड बांधा. रेशीम अळीतूनच निघालेल्या माशीचा फोटो असला की एक्झोरिस्टा बॉम्बिसिस हे उझीचं शास्त्रीय नाव बऱ्याच विश्वासाने लिहिता येतं. कोषांच्या वाहतुकीतूनच ही माशी १९८० साली बंगालमधून कर्नाटकात पोहोचली होती. म्हणून बरणीवरच्या चिठ्ठीत तारीख आणि अळीची अवस्था लिहाच, शिवाय कोष बाहेरून आणले असतील तर गावाचं नावही.