गेममध्ये व्हॅन बनवताय? आधी गोण्या मोजा, मग या चुका टाळा

‘ऑटोमेशन’ या गाड्या बनवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये हलक्या मालवाहू व्हॅनचं चॅलेंज आलं की बहुतेक जण आधी बॉडी पसंत करतात, मग इंजिन, मग टायर. मालाच्या आकड्याकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. तो कमी दिसला की स्प्रिंग कडक करत सुटायचं. व्हॅन उलट्या टोकाकडून बनवावी लागते: आधी गोणी, मग ॲक्सल, टायर, पाटे (लीफ स्प्रिंग), गिअर, आणि इंजिन सर्वात शेवटी.

हिशेबासाठी एक काम ठरवून घेऊ. वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटातून ५० किलोच्या १५ गोण्या भरायच्या, ठाणे-बेलापूर रोडने कळव्यावरून ठाण्यात यायचं आणि घोडबंदर रोडवरच्या दुकानांत उतरवायच्या. माल ७५० किलो, माणसं दोन. २००५मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, याच वजनाच्या कामासाठी होता.

चूक पहिली: माल मागच्या चाकांच्याही मागे

निम्म्या व्हॅन इथेच फसतात, म्हणून आकडे मांडू. रिकामी गाडी १,००० किलोची धरा. पुढे ५५०, मागे ४५०. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २,५०० मिमी. नाक कापलेल्या, म्हणजे बॉनेट नसलेल्या बॉडीत दोन्ही माणसं जवळपास पुढच्या ॲक्सलवरच बसतात, त्यांचे १४० किलो पुढे.

मालाच्या जागेची लांबी १,८०० मिमी, आणि मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ४०० मिमी पुढे आहे. ७५० किलोंपैकी २,१००/२,५०० म्हणजे ६३० किलो मागे जातात, १२० पुढे. भरलेली गाडी: पुढे ८१०, मागे १,०८०.

आता कोणी लांब बॉनेटची बॉडी घेतली किंवा ‘असू दे’ म्हणून मागची सीट ठेवली, आणि माल ६०० मिमी मागे सरकला. मध्य ॲक्सलच्या २०० मिमी मागे गेला. मागच्या चाकांवर मालाचे ८१० किलो आले आणि पुढचे ६० किलो उचलले गेले. पुढे उरले ६३०, मागे झाले १,२६०. गोण्या त्याच, पण स्टिअरिंग हलकं पडलं आणि मागचे टायर ओरडायला लागले.

तेव्हा मागची सीट काढा. व्हीलबेस लांब आणि मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांपलीकडचा भाग) आखूड असलेली बॉडी शोधा. दिसायला ती थोडी ठोकळा वाटेल, वाटू दे.

फरशीची रुंदीही इथेच बघून घ्या. भाजीचा क्रेट ६०० × ४०० मिमी धरला तर १,८०० × १,२०० च्या फरशीवर एका थरात नऊ बसतात. चार थर, ३६ क्रेट, प्रत्येकी २० किलोने ७२० किलो. पण चाकांच्या कमानींमध्ये १,०५० मिमीच उरले, तर तिथल्या ओळीत तीनऐवजी दोनच क्रेट मावतात. रुबाबासाठी १७ इंची चाकं लावणाऱ्यांना ही किंमत दिसत नाही, कारण गेम लिटर दाखवतो, क्रेट नाही.

चूक दुसरी: टायर कारचे

वरच्या चांगल्या मांडणीतही मागच्या प्रत्येक टायरवर ५४० किलो येतात. १४५/८० आर१२ हा छोट्या कारचा टायर लोड इंडेक्स ७४ चा असतो, म्हणजे एक टायर ३७५ किलो पेलतो. इंडेक्स ८६ म्हणजे ५३०, तोही कमी. ८८ म्हणजे ५६०, इथे जमतं. वाईट मांडणीत ६३० किलोचा, म्हणजे ९२ चा टायर लागेल.

गेममध्ये चाकाचा व्यास लहान ठेवा, साइडवॉल जाड ठेवा आणि कडक, जास्त टिकणारं कंपाउंड घ्या. स्पोर्ट्स टायरने कोपऱ्यातला आकडा वाढतो, पण मालकाचा दर महिन्याचा खर्चही वाढतो.

चूक तिसरी: पाट्यांची लाज

मागे मल्टिलिंक (अनेक दांड्यांचं सस्पेन्शन) लावून कम्फर्टचे चार गुण मिळतील, पण खर्च चढेल, मेंटेनन्स चढेल आणि मालाची ताकद पाट्यांवरच्या सॉलिड ॲक्सलपेक्षा कमीच राहील. या वजनाला पाटे हेच उत्तर. सस्पेन्शनच्या युटिलिटी प्रीसेटपासून सुरुवात करा आणि मागचे स्प्रिंग थोडे थोडे वाढवा. ७५० किलोला आकडा पोचला की हात आवरा. थोडी सवलत ठेवायची तर ८०० पुरे. १,२०० पर्यंत नेलेली व्हॅन रिकामी परतताना खड्ड्यांत मागून उडते, आणि प्रत्येक फेरीतला निम्मा प्रवास, म्हणजे परतीचा, रिकामाच असतो. मागचा स्प्रिंग कडक केला की शॉकअपही त्या प्रमाणात वाढवा. हे हमखास विसरतं.

चूक चौथी: ड्राइव्ह सवयीने निवडणे

पुढच्या चाकांना ड्राइव्ह दिला की मागे शाफ्ट नाही आणि फरशी खाली येते. सिट्रोएनने १९४७च्या एच व्हॅनमध्ये हेच केलं. गोणी पाठीवरून उतरवणाऱ्याला कमी उंचीची फरशी म्हणजे मोठं सुख.

पण भरलेल्या गाडीच्या १,८९० किलोंपैकी पुढे ८१० च आहेत, म्हणजे ४३ टक्के. पाचास एक चढावर (पाच मीटर पुढे, एक मीटर वर) वजन आणखी शंभरेक किलो मागे सरकतं. तो चढ चढायला सुमारे ३,९०० न्यूटन जोर लागतो. पुढच्या चाकांना त्यासाठी त्यांच्यावरच्या वजनाच्या ०.५८ पटीच्या आसपास पकड हवी, मागच्या चाकांना ०.३४ पुरते. कोरड्या रस्त्यावर दोन्ही चालतात. जुलैमध्ये शेवाळ धरलेल्या सोसायटीच्या रॅम्पवर पुढच्या ड्राइव्हची भरलेली व्हॅन जागेवरच चाकं फिरवत राहील. माल जड असेल तर ड्राइव्ह मागे द्या. हलका पण फुगीर असेल, म्हणजे ब्रेड, पार्सल, थर्माकोल, तर पुढे.

चूक पाचवी: इंजिनाला पळायला शिकवणे

गेममध्ये डिझेल नाही. त्यामुळे खालच्या आरपीएमचा टॉर्क पेट्रोलमधूनच काढायचा. बोअर (सिलिंडरचा व्यास) × स्ट्रोक (पिस्टनची धाव) असं बघितलं तर ७६ × ६६ मिमीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि ७० × ७८ चं, दोन्ही जवळपास १,२०० सीसी. व्हॅनला दुसरं घ्या: बोअर लहान, स्ट्रोक लांब. कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) स्लायडर खाली ठेवा, रेव्ह लिमिट ५,५०० वर आणा, ब्लॉक कास्ट आयर्नचा. टर्बोची गरज नाही. चॅलेंजमध्ये पेट्रोलचा ऑक्टेन दिलेला असतो. नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी पेटणं) दिसलं तर कॉम्प्रेशन उतरवा.

खरी फसगत गिअरमध्ये होते. वरच्याच चढाला चाकांवर साधारण १,०४० न्यूटन-मीटर लागतात. इंजिन १,५०० आरपीएमला ८० देतं आणि वाटेत दहा टक्के वाया जातात असं धरलं, तर पहिला गिअर आणि फायनल (ॲक्सलवरचा शेवटचा गिअर) यांच्या रेशोंचा गुणाकार साडेचौदा हवा. ३.६ गुणिले ४.१ म्हणजे १४.७६, जमलं. टॉप स्पीड १६० दिसावा म्हणून गिअर लांब केले की हाच गुणाकार दहा-अकरावर येतो आणि चढावर क्लच जळतो. पाच गिअर, मॅन्युअल, टॉप स्पीड १२० भरपूर झाला. घोडबंदर रोडवर तेवढा मिळतोय कुठे!

ब्रेक

रिकाम्या गाडीवर ब्रेक जुळवले की भरल्यावर फेड होतो, म्हणजे ब्रेक तापून ढिले पडतात. भरलेल्यावर जुळवले की रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होतात. खऱ्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह हे सांभाळतो. गेममध्ये माल भरलेल्या गाडीचा फेड वेगळा दिसतो, तो शून्याजवळ आणा आणि मागचा जोर मध्यावर सोडा. पुढे डिस्क, मागे ड्रम, एवढंच.

पैसे चुकीच्या जागी

क्वालिटीचे स्लायडर सगळीकडे +५ करणं हा आळस आहे. इंटिरिअर साधं ठेवा, ऑडिओ नावापुरता. वाचलेले पैसे चॅसीच्या गंजरोधक स्टीलमध्ये घाला. वाशीच्या खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस गाडी खालून खातो. उरलं तर गिअरबॉक्सला द्या.

बाहेरून लावताना

मागचे दिवे दारांवर लावू नका. दारं उघडून माल उतरवताना मागून येणाऱ्याला ते दिसतच नाहीत. खांबांवर लावा. आपल्याकडे फुटपाथ डावीकडे, म्हणून सरकतं दार डाव्या बाजूला आणि स्टिअरिंग उजवीकडे. सरकत्या दाराला बाहेर रूळ दाखवा, नाहीतर ते फक्त रंगवलेली रेघ वाटतं. आणि पेट्रोलचं झाकण त्या रुळाच्या वाटेत येत नाही ना, हे चॅलेंजला गाडी पाठवण्याआधी एकदा दार मनातल्या मनात मागे सरकवून बघा.