मॅस्टोडॉनवरून पिक्सेलफेड, पीअरट्यूब, लेमी आणि ब्लूस्कायवरच्या माणसांना फॉलो कसं करायचं

मॅस्टोडॉन (छोट्या पोस्ट), पिक्सेलफेड (फोटो), पीअरट्यूब (व्हिडिओ) आणि लेमी (चर्चेचे समूह) ही सोशल नेटवर्कं दिसायला वेगवेगळी असली तरी त्यांचे सर्व्हर, म्हणजे खाती ठेवणारे संगणक, एकमेकांशी अ‍ॅक्टिव्हिटीपब या एकाच प्रोटोकॉलने, म्हणजे संवादाच्या ठरलेल्या नियमांनी, बोलतात. जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला मान्यता दिली. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळं खातं काढायची गरज नाही.

फक्त ज्याला फॉलो करायचंय त्याच्या खात्याचा पत्ता पूर्ण हवा: आधी अ‍ॅटची खूण आणि नाव, मग पुन्हा अ‍ॅट आणि सर्व्हर. नुसत्या नावाने शोधलंत तर त्याच नावाचा भलताच कुणी सापडेल.

समोरच्याचं पान ब्राउझरमध्ये उघडून तिथेच फॉलोचं बटण दाबलं की बहुतेकजण अडकतात, कारण त्या सर्व्हरवर तुमचं खातंच नसतं. पत्ता कॉपी करा, आपल्या सर्व्हरवर लॉग इन करा आणि सर्च बॉक्समध्ये पेस्ट करा. लॉग इन नसाल तर बाहेरची खाती शोधली जात नाहीत.

प्रोफाइल उघडलं आणि आत एकही पोस्ट नाही? बिघाड झालेला नाही. तुमच्या सर्व्हरवरच्या कुणीतरी फॉलो केल्यानंतरच त्या खात्याच्या नव्या पोस्ट इकडे यायला लागतात. जुन्या आपोआप येत नाहीत. एखादी जुनी पोस्ट हवी असेल तर तिची लिंक सर्च बॉक्समध्ये टाका. ती आपल्याकडे उघडेल आणि उत्तरही देता येईल. लाइकचे आकडे दोन सर्व्हरवर जुळत नाहीत तेही याचमुळे: जे पोचलं तेवढंच मोजलं जातं.

फॉलोची विनंती बरेच दिवस लटकली असेल तर दोन शक्यता तपासा. समोरचा प्रत्येक फॉलोअर स्वतः मंजूर करत असेल, किंवा एका सर्व्हरने दुसऱ्याला ब्लॉक केलं असेल. ब्लॉक केलेल्यांची यादी अ‍ॅडमिनने उघड ठेवली असल्यास सर्व्हरच्या माहिती पानावर मिळते.

पीअरट्यूबचं चॅनल फॉलो केलं की व्हिडिओ पोस्टसारखे येतात आणि तुमचं उत्तर तिकडे कमेंट म्हणून दिसतं. लेमीच्या समूहाचा पत्ता तिथे उद्गारचिन्हाने सुरू होतो; मॅस्टोडॉनमध्ये त्या जागी अ‍ॅट घाला. नव्या पोस्टमध्ये समूहाचा उल्लेख केलात तर ती तिथे चर्चा म्हणून उघडते. पहिली ओळ शीर्षक होते, म्हणून ती विचार करून लिहा. उलट दिशेने मात्र दार बंद आहे: लेमीवरून मॅस्टोडॉनची व्यक्ती फॉलो करता येत नाही.

ब्लूस्काय हेही छोट्या पोस्टचं नेटवर्क, पण त्याचा प्रोटोकॉल वेगळा, एटी प्रोटोकॉल, म्हणून मध्ये पूल, म्हणजे दोन्हीकडच्या पोस्ट पोचवणारी सेवा, लागतो. ब्रिजी फेड हा असा पूल. त्याच्या संकेतस्थळावरून ब्लूस्कायसाठीच्या खात्याचा पत्ता घ्या आणि मॅस्टोडॉनवरून फॉलो करा. ते खातं तुम्हाला उलट फॉलो करतं. तुम्ही फॉलोअर मंजूर करत असाल तर त्याला होकार द्या. प्रोफाइलला फोटो हवाच. मग तुमच्या पुढच्या सार्वजनिक पोस्ट तिकडे दिसतात. ब्लूस्कायची मर्यादा ३०० अक्षरांची, मॅस्टोडॉनची साधारण ५००. लांब मजकूर तिकडे कापला जातो.

समोरच्यानेही पूल चालू केलेला असावा लागतो. नसेल तर त्याने ब्लूस्कायवर दिलेलं उत्तर तुमच्या पोस्टखाली इकडे दिसणार नाही. थांबायचं असेल तेव्हा पुलाचं ते खातं ब्लॉक करा.