बंद पडलेल्या वाडीच्या शाळेत शिरताना

माझा धंदा कौलारू घरं शाकारायचा, त्यामुळे पट रोडावून बंद पडलेल्या शाळांच्या छपराखाली बरंच वावरणं होतं. तुम्हाला नुसती बघायची असली तरी आधी शेजारच्या घरी जा. इमारत बहुधा जिल्हा परिषदेची, पण किल्ली बाजूच्या काकींकडे. "काकी, शाळा जरा बघून येऊ काय?" एवढं विचारलंत की कुठली भिंत फुगलीय, गांधीलमाश्यांचं पोळं कुठे आहे, सगळं चहाबरोबर कळतं. न विचारता शिरलात तर भंगारवाले समजतील, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

पावसात जाऊच नये. मातीत बांधलेली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत पाणी पिऊन आतून सुटते, बाहेरून गिलावा मात्र शाबूत. जानेवारीनंतर, गवत कापल्यावर, सकाळच्या उजेडात जा. घोट्यावरचे बूट, काठी, सोबतीला माणूस. सुटा चिरा हाताने उचलायचा नाही, खाली फुरसं, विषारी साप, असतं. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं काही नको. पाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय.

उंबऱ्यातूनच वर बघा. आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, मधे खचलं असेल तर त्याखाली जायचं नाही. छपराचा उतरता वासा भिंतीवर टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. वाळवी भिंतीतल्या मातीतून चढते, म्हणून मधे टणक वाटणारा वासा टोकाला बिस्किटासारखा चुरतो.

पडलेलं कौल काठीने उलथून शिक्का वाचा. 'बासेल मिशन' (कौलांचे कारखाने चालवणारी मिशनरी संस्था) आणि १८६५ दिसलं की लोक शाळेला दीडशे वर्षांची करून टाकतात. ते साल मंगलोरचा कारखाना सुरू झाल्याचं, कौल नंतर कधीचंही असेल. पहिल्या महायुद्धानंतर कारखाना कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. त्या ट्रस्टचा शिक्का असेल तर कौल त्यानंतरचं. शिवाय शाकारताना जुन्या घरांची कौलं आम्हीच इकडची तिकडे घालतो, तेव्हा वय पाटीवरून काढलेलं बरं. 'जिल्हा परिषद' लिहिलेली पाटी १९६२ च्या आधीची नसते. पोपडा उडून खाली 'लोकल बोर्ड' दिसलं तर शाळा त्याहून जुनी. गाव सिंधुदुर्गातलं आणि पाटीवर जिल्हा रत्नागिरी, म्हणजे रंग बहुतेक १९८१ पूर्वीचा.

फळ्याच्या कोपऱ्यात कधी कधी 'पट ४, हजर ३' खडूने तसंच असतं. फोटो काढा, हात लावू नका.

कपाटात जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव-जात लिहिलेली वही, राहून गेलेलं दिसलं तर मात्र बाकी सगळं बाजूला. जातीच्या दाखल्यासाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. मुंबईला गेलेल्या एखाद्या घराकडे आजोबांच्या नावाची तेवढी एकच ओळ असते. ते घरी न्यायचं नाही, पानं फोनवरून फिरवायची नाहीत. जमिनीवर असेल तर उचलून कोरड्या बाकावर ठेवा आणि त्याच दिवशी केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, कळवा. नंबर काकींकडे मिळतो.